तीन पिढ्यांचा कागद

रात्री दोन-अडीचला माठाचं झाकण वाजायचं. दादा उठून एक तांब्या पाणी प्यायचा, मग दुसरा. बाथरूमला जाऊन यायचा, परत झाकण वाजायचं. २०१६ चा उन्हाळा होता. नाशिकच्या सिडकोतलं आमचं वरच्या मजल्यावरचं घर रात्रीही तापलेलं असायचं, म्हणून आठवडाभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग आई हळूच म्हणाली, "त्याच्या आजाराचंच असेल गं." दादाला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याचं काहीही वेगळं दिसलं, की आम्ही सगळे ते त्याच एका खुंटीला टांगून मोकळे व्हायचो.

तो स्वतः सांगत होता. तोंड कोरडं पडतंय, पायांत मुंग्या येतात, पँट सैल होतेय. एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फाइलवरची गोळ्यांची नावं वाचली आणि नाडीला हात लावायच्या आधीच म्हणाले, "हे मनाचं आहे, तुमच्या सायकियाट्रिस्टना दाखवा." ती तारीख पुढच्या महिन्यातली होती. शेवटी शेजारच्या काकूंच्या शुगरच्या मशीनवर दादाचं बोट टोचलं. आकडा आला ४१२. काकूंना वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्यांनी स्वतःचं बोट टोचून पाहिलं. मशीन ठीक होतं.

दादा चार दिवस ॲडमिट होता. मी घरी येऊन त्याची जुनी फाइल काढली. २०१३ चा पहिला रिपोर्ट, म्हणजे पहिली गोळी पोटात जायच्या आधीचा. उपाशीपोटीची शुगर ११८. शंभराच्या वर म्हणजे धोक्याच्या कडेला. वय बावीस, अंगाने सडपातळ. ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढते हे आम्हाला सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. पण हा आकडा गोळ्यांच्या आधीचा होता. त्याच्याभोवती ना डॉक्टरांनी गोल केला होता, ना आमच्यापैकी कुणी.

त्या पहिल्या भेटीतली एक गोष्ट मला लख्ख आठवते. सायकियाट्रिस्टनी विचारलं होतं, "घरात कुणाला शुगर, बीपी?" बाबांनी बोटं मोजत सांगितलं, "मला शुगर, माझ्या वडिलांना होती, धाकट्या बहिणीला आहे, चुलत भाऊ सेहेचाळीसाव्या वर्षी हार्टने गेला." डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "आणि मानसिक आजार कुणाला?" बाबा म्हणाले, "नाही. आमच्याकडे कुणाला नाही." आई खाली बघत होती. मी एकोणीस वर्षांची होते. महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणारी धाकटी आत्या मला माहीत होती. मी काही बोलले नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी मी आणि माझा नवरा जेनेटिक काउन्सेलिंगला, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला घ्यायला, गेलो. मूल हवं होतं, आणि मला झोप लागत नव्हती.

लग्नाआधी माझी दोन स्थळं दादाच्या आजारामुळे मोडली होती. एकांनी तसं तोंडावर सांगितलं, दुसऱ्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. त्यानंतर घरात ठरलं, की आता आधी काही बोलायचं नाही. मला ते पटलं नाही. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी मी आणि माझा नवरा पहिल्यांदा भेटलो तेव्हाच मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आमच्याकडे आजोबा, वडील आणि काका, तिघांना हार्ट अटॅक. आजोबा आणि काका त्यातच गेले. मग मलाही कुणी मुलगी द्यायला नको." लग्न झालं.

काउन्सेलर मॅडमनी पहिल्या फोनवरच सांगितलं, "येण्याआधी एक काम करा. दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहून आणा. नाव, जन्मसाल, आजार, कशाने गेले, कोणत्या वयात. बायका वगळू नका." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मला वाटलं, एका रविवारी होईल. तीन महिने लागले.

सुरुवात मी त्र्यंबकेश्वरपासून केली, कारण आमच्या घराण्याची नामावळ तिथल्या उपाध्यांकडे आहे हे माहीत होतं. २०१४ मध्ये दादासाठी आम्ही तिथेच नारायण नागबळी केला होता. तीन दिवस बाबा अनवाणी होते. पितरांचं काहीतरी राहून गेलंय, म्हणून मुलाला हे भोगावं लागतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि त्या तीन दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर जो थोडा विसावा आला तो मी विसरणार नाही. या वेळी गुरुजींना कामाचं कारण सांगितलं. त्यांनी कापडात बांधलेली वही आणली, गाव आणि आडनाव विचारून पानं उलटली. जुनी पानं मोडी लिपीत होती, ती त्यांनीच वाचून दाखवली. पणजोबा, त्यांचे तीन भाऊ, आजोबांची सही, बाबांची २०१४ ची सही. इतकी पुरुषांची नावं मी एकत्र कधी ऐकली नव्हती. सुनांची नावं मधूनमधून होती. लेकींची मात्र कुठेच नव्हती. लेकी दुसऱ्या घरच्या वहीत जातात, असं गुरुजींनी सांगितलं. मॅडमनी "बायका वगळू नका" का म्हटलं ते मला तिथे, त्या ओट्यावर बसून कळलं. अर्ध्या रक्ताची नोंदच नाही.

लेकींची नोंद मोठ्या आत्याच्या डोक्यात होती. ती सिन्नरच्या पुढे राहते, वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं पण आठवण पक्की. मी वही उघडली आणि शुगरपासूनच सुरुवात केली, कारण शुगरबद्दल आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात. कुणाची कधी निघाली, कुणाचा अंगठा कापला, कुणी कारल्याचा रस प्यायला. तासाभराने विचारलं, "आत्या, धाकट्या आत्याला नक्की काय होतं?" तिने आधी दाराकडे पाहिलं. घरात आम्ही दोघीच होतो. मग म्हणाली, "तिचा जीवच लागत नसे कशात. पोरगं रडायचं तरी उठायची नाही. लोक म्हणायचे अंगात येतंय, बाहेरचं आहे. मला नाही वाटत. ती पोटात होती तेव्हा बहात्तरचा दुष्काळ. आई आठव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला जात होती. लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, सुकडीचं पाकीट आलं की ते आम्हा पोरांत वाटायची. आई काय खात होती, कुणास ठाऊक."

मी ते तसंच लिहून घेतलं. धाकटी आत्या, जन्म १९७३, शुगर पस्तिसाव्या वर्षी, उदासीनता तिशीपासून.

मग तिने न विचारताच आणखी एक सांगितलं. आजोबांना एक बहीण होती. सासरहून परत पाठवलेली. आपल्याशीच बोलायची, गोठ्याशेजारच्या खोलीत असायची. "मी लहान होते. मला तिच्याकडे जाऊ देत नसत." नाव? आत्या बराच वेळ आठवत राहिली. "तिला सगळे 'ती'च म्हणायचे गं."

आईकडची बाजू दिंडोरीला मामाकडे सोपी गेली. मामा द्राक्षवाला, हिशेब ठेवणारा माणूस, त्याने अर्ध्या तासात सगळं सांगितलं. आईकडे थायरॉइड आणि संधिवात, मनाचं कुणाचं काही ऐकिवात नाही. एक मावशी मात्र ऐन तारुण्यात गेली, कशाने ते ठाऊक नाही.

नवऱ्याकडचा कागद पंधरा मिनिटांत झाला. तीन हार्ट अटॅक, दोघांना बीपी. त्याने तो माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "आमचं सरळ आहे."

मॅडमसमोर बसलो तेव्हा त्यांनी आमच्या वह्या बाजूला ठेवून कोरा मोठा कागद घेतला आणि पेन्सिलीने काढायला सुरुवात केली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. प्रत्येक चौकोनाचे आणि गोलाचे चार भाग, म्हणजे कोपरे, एकेका आजाराला एकेक कोपरा. मॅडम भरत गेल्या आणि मी बघत राहिले. बाबांचा चौकोन, एक कोपरा भरलेला. धाकट्या आत्याचा गोल, दोन कोपरे. दादाचा चौकोन, दोन कोपरे. आयुष्यभर हे आजार मी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले होते. एक बैठकीतला, चारचौघांत सांगायचा, आणि एक आतल्या खोलीतला. त्या कागदावर ते एकाच माणसाच्या अंगात शेजारी शेजारी होते.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "वडिलांना अटॅक कधी आला?" २०११. "त्याच्या आधी दोन-तीन वर्षं ते कसे होते?" हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. तो म्हणाला, तसे बरे होते. मग थांबला. म्हणाला, "दुकान बंद केलं होतं त्यांनी. चालतं दुकान. का केलं ते कुणालाच कळलं नाही. नुसते गॅलरीत बसायचे. जेवायला चार हाका मारायला लागायच्या. आई म्हणायची, थकलेत." मॅडमनी काही न बोलता सासऱ्यांच्या चौकोनाचा दुसरा कोपरा भरला, पण फिका, आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. परत येताना गाडीत नवरा बराच वेळ गप्प होता.

त्यांनी जे समजावलं ते जमेल तितकं जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

हे आजार एका जनुकाने होत नाहीत. २०२२ मध्ये ७६ हजारांहून जास्त रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. आणि एक जनुक एकच काम करतं असंही नाही. तेच जनुक मेंदूत एक काम करतं, रक्तात दुसरं, स्वादुपिंडात तिसरं. म्हणून एकाच बदलाचे पडसाद मनातही उमटू शकतात आणि शरीरातही. नैराश्य आणि हृदयविकार यांच्यात असा सामाईक वाटा जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत दिसतो, वजनाशीही दिसतो. म्हणून त्यांनी सासऱ्यांबद्दल विचारलं होतं. स्किझोफ्रेनिया आणि मधुमेहाचं गणित जास्त गुंत्याचं आहे. गोळ्या, सिगारेट, खाणं, घरात बसून राहणं यांचा त्यात मोठा हात असतो. पण गोळ्या सुरू होण्याआधीही काही रुग्णांची साखर बिघडलेली आढळते, आणि रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांतही मधुमेह जास्त दिसतो. लंडनच्या हेन्री मॉड्सली या डॉक्टरांनी हे १८७९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की ज्या घराण्यात मनाचा आजार असतो तिथे मधुमेहही वारंवार दिसतो. मला दादाच्या फाइलमधलं ११८ आठवलं.

मला सगळ्यात भिडलं ते सी-फोर नावाचं जनुक. ते सहाव्या गुणसूत्रावर असतं. रक्तातल्या नकोशा जंतूंवर खूण करायची, म्हणजे पेशी त्यांना गिळून टाकतील, हे त्याचं काम. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह मॅकॅरॉल यांच्या गटाने दाखवलं, की या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात जास्त काम करतो त्यांना स्किझोफ्रेनियाची जोखीम थोडी जास्त असते. कारण मेंदूतही ते खुणा करतं, चेतापेशींच्या जोडण्यांवर. किशोरवयात मेंदू नको असलेल्या जोडण्या काढून टाकतो; खुणा जास्त झाल्या तर हव्या असलेल्याही जात असाव्यात. उलट, हेच जनुक ज्यांच्यात कमी पडतं त्यांना ल्युपस होण्याची शक्यता वाढते, ज्यात शरीर आपल्याच अवयवांवर उठतं. जास्त झालं तर मन, कमी पडलं तर सांधे, त्वचा, किडनी.

"छाटणी म्हणा ना त्याला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सहज म्हटलं, पण मी दिंडोरीच्या बागेत पोचले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी लहानपणापासून बघत आले आहे. मामा मजुरांच्या मागे उभा राहून काडीगणिक डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, मोजतो. एखादा डोळा जास्त गेला तर त्या काडीला त्या हंगामात घड नाही. छाटणीशिवाय बाग होत नाही, आणि छाटणीतच बाग बिघडू शकते. दादा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा आजार दिसला. त्याच्या डोक्यातल्या बागेत तेव्हा काय चाललं असेल, याचं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं. देवाचा कोप किंवा आईबाबांची चूक, यातलं काही त्या चित्रात नव्हतं.

त्यांनी दादाबद्दल आणखी विचारलं. जन्मतः हृदयाला छिद्र वगैरे होतं का, टाळू फाटलेली होती का, कॅल्शियम कमी व्हायचं का. कारण बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा काहींच्यात जन्मतःच गळलेला असतो. त्यात हृदयाचे दोष येतात आणि मोठेपणी साधारण चौघांतल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. तो बदल तपासता येतो, आणि सापडला तर मूल होण्याआधी माहीत असलेला बरा. दादात तशा खुणा नव्हत्या, तरी त्याच्या संमतीने रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट नॉर्मल आला.

मी पर्समध्ये एका टेस्टची जाहिरात घेऊन गेले होते. थुंकी पाठवायची, सगळ्या आजारांची जोखीम कळते. मॅडमनी ती वाचून परत दिली. जोखमीचे असे आकडे ज्या अभ्यासांवरून काढतात त्यात बहुतेक माणसं युरोपीय वंशाची असतात, आपल्यावर ते नीट बसत नाहीत. भारतात जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने दहा हजार लोकांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले, २०२५ च्या सुरुवातीला ती माहिती अभ्यासकांसाठी खुली झाली, पण त्यावरून तुमच्या बाळाचं भविष्य सांगण्यापर्यंत आपण आलेलो नाही. "हे पैसे बाळाच्या खात्यात टाका."

मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी आले होते. त्यांनी आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहिले. कुणालाही हा आजार होण्याची शक्यता शंभरात साधारण एक. सख्ख्या भावाला असेल तर शंभरात नऊ-दहा, आणि माझ्या वयाला त्यातली बरीचशी जोखीम मागे पडलेली असते. मामाला असेल तर भाच्याला शंभरात तीन-चार. "म्हणजे शहाण्णव वेळा नाही," त्या म्हणाल्या. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असला तर दुसऱ्याला जेमतेम निम्म्या वेळाच होतो, सगळं जनुकांत असतं तर तसं झालं नसतं. धाकट्या आत्याच्या जन्मसालाखाली त्यांनी रेघ मारली. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत पोटात असलेल्या मुलांमध्ये मोठेपणी साखरेचे त्रासही जास्त दिसले आणि स्किझोफ्रेनियाही. "पण एका आत्यावरून मी काही सांगणार नाही," असं लगेच म्हणाल्या. हे मला आवडलं. माहीत आहे तिथवर बोलायचं आणि थांबायचं.

खरं काम त्यांनी शेवटी दिलं. मी आणि नवरा, दोघांनी शुगर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, आणि बीपी दर वर्षी बघायचं. नवऱ्याने छातीइतकंच मनाकडेही लक्ष द्यायचं, दुकान बंद करावंसं वाटायला लागलं तर ते थकवा म्हणून सोडायचं नाही. दादाच्या दर तपासणीला तीन महिन्यांची सरासरी शुगर, वजन आणि कमरेचा घेर लिहायचा. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं सरासरी पंधराएक वर्षं लवकर जातात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा हृदयासारख्या शरीराच्या आजारांचा असतो. कायदासुद्धा, म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, विमा कंपन्यांना सांगतो की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्या. हे ऐकल्यावर दादाच्या पॉलिसीचा कागद मी पहिल्यांदा पूर्ण वाचला.

त्या कागदाची प्रत मी माहेरी नेली. दादाला दाखवायची की नाही, यावर आईचं आणि माझं वाजलं. शेवटी त्यालाच विचारलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला, आपला चौकोन शोधला. बराच वेळ बोट त्यावर ठेवून होता. मग वर सरकला, बाबा, आजोबा. "मी एकटा नाहीये यात," म्हणाला. नंतर म्हणाला, "हिचं नाव का नाही?" त्याचं बोट आजोबांच्या बहिणीच्या बिननावाच्या गोलावर होतं.

मी म्हटलं, "कुणाला माहीत नाही, दादा."

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते आमचं आहे, पण दादाने माझ्याकडून पेन घेतलं आणि गोलाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. बाबा म्हणाले, "मी तिच्या खोलीत भाकरी द्यायला जायचो. मला ओळखायची ती. मला एकट्यालाच."

घरात कुणी काही बोललं नाही. मी हळूच विचारलं, "तिला शुगर होती का हो?"

"तेव्हा कोण तपासतंय, बाळा." त्यांनी पेपरची घडी केली. "पायाला खिळा लागला होता एकदा. ती जखम काही भरली नाही. दोन पावसाळे गेले. त्यातच गेली ती."

दादाने गोलाचा दुसरा कोपरा भरायला घेतला, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, फिका भर. बाजूला प्रश्नचिन्ह काढ.